पूल बघायचाय की भाऊ?

*ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रेलियाला चाललोय. हातात दहा दिवस. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. ननंद मेलबर्नला असते. ती म्हणते, तिथला समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोडच करायचा. सगळ्या पाहुण्यांना ती एका दिवसात फिरवून आणते. माझा भाऊ सिडनीत असतो. तिथून जवळ ग्रँड पॅसिफिक ड्राइव्ह आहे आणि त्यावरचा, समुद्रावरून जाणारा सी क्लिफ ब्रिज मला फार आवडलाय. नवऱ्याने तोडगा काढला: सिडनीत गाडी भाड्याने घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवसांत मेलबर्न गाठायचं, "मुंबई-गोवा करतोच की!" मुलाला गाडी लागते, सासूबाईंचे गुडघे धरतात. (सासरे फौजेत होते. ते गेल्यापासून सासूबाई प्रथमच इतक्या लांब निघाल्यात.) कुठला रस्ता जास्त सुंदर ते तुम्हीच सांगा, म्हणजे घरात कुणी वाईट वाटून घेणार नाही.*
*– दोन किनाऱ्यांत अडकलेली, ठाणे*

अडकलेल्या मैत्रिणी,

तुमचं पत्र जागेसाठी आटोपतं घेतलंय. मूळ पत्रात सी क्लिफ ब्रिज चार वेळा येतो आणि भाऊ एकदा. सहा वर्षांत त्याची भेट नाही, हे तर ताजा कलम म्हणून खाली. रस्ता सुंदर आहे म्हणून सिडनीला जायचं, असं तुम्ही घरात सांगताय. मग ननंद म्हणणारच की आमच्याकडचा त्याहून सुंदर आहे. आणि खरं सांगू? तिचं चुकत नाही. नुसत्या रस्त्यांची शर्यत लावलीत तर तुमचा भाऊ हरेल. त्याला कशाला उतरवताय त्यात? "भाऊबीज आहे, मला भावाकडे चार दिवस राहायचंय," एवढंच यजमानांना सांगा. पुलाचं नावसुद्धा काढू नका.

त्यांचा तोडगा मात्र आधी निकालात काढू. सिडनी ते मेलबर्न किनाऱ्याने हजार किलोमीटरच्या वर भरतं. मुंबई-गोव्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्यांना नुसतं पोचायचं असतं ते आतल्या ह्यूम हायवेने जातात, आणि त्यावर समुद्र दिसतच नाही. किनाऱ्याचा प्रिन्सेस हायवेही नावापुरताच किनाऱ्याचा. बराचसा झाडीतून जातो, समुद्र बघायचा तर गावागावांत आत वळावं लागतं. दोन दिवसांत पोचायचं म्हणजे वळायला वेळच नाही. त्यात दिवस कलला की कांगारू रस्त्यावर येतात. हा प्रवास आठवडाभर हाताशी असेल तर सुरेख आहे, तुमच्या दहा दिवसांत नाही. सिडनीहून मेलबर्नला विमानाने दीड तास लागतो. तेच करा.

म्हणजे पाच दिवस सिडनी, पाच मेलबर्न. सिडनीतल्या एका दिवशी भावाबरोबर तुमचा तो पूल. इथे मला एक गोष्ट फार आवडते: शहरातून दक्षिणेला निघालात की हेलन्सबर्गला श्री वेंकटेश्वराचं मोठं मंदिर लागतं. सासूबाईंना दर्शन, मुलांना पाय मोकळे करायला जागा. तिथून थोडं पुढे स्टॅनवेल पार्कवरच्या बाल्ड हिलवर उभं राहिलात की खाली अख्खा किनारा, आणि वारा बरा असेल तर हँग ग्लायडरवाले कड्यावरून स्वतःला झोकून देताना दिसतात. मग पूल. ६६५ मीटर लांब. जुन्या रस्त्यावर दरडी कोसळायच्या म्हणून २००३ मध्ये तो बंद केला आणि २००५ च्या डिसेंबरात रस्ताच डोंगरापासून काढून पाण्यावर नेला. आपल्या घाटवाल्यांना हे सुचायला हरकत नाही. गाडीतून तो मिनिटभरात संपतो, म्हणून टोकाला गाडी लावून चालत जा; बाजूने पायवाट आहे. जमलं तर पुढे कियामाचं ब्लोहोल, जिथे लाट खडकाखाली शिरते आणि वरच्या भोकातून फवारा उडतो. समुद्र शांत असेल तर काहीच उडत नाही, तेव्हा मुलांना आधीपासून फार आशा लावू नका.

आता ननंदेचा रस्ता. तिचा उत्साह मला कळतो, पण तिचा बेत ऐकून माझ्याच पोटात ढवळलं. कडेकडेने पोर्ट कॅम्पबेलपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत म्हणजे पाचशे किलोमीटरच्या वर. आमच्या धाकट्याला गाडी लागायची. आंबा घाटात दर तिसऱ्या वळणावर पिशवी धरून बसल्याची आठवण अजून ताजी आहे. लॉर्न ते अपोलो बे हा या रस्त्यावरचा सगळ्यात देखणा पट्टा आणि तिथेच वळणावर वळण. तुमच्या मुलाला लॉर्नमध्ये हलकं काहीतरी खाऊ घाला, मोबाइल काढून घ्या, नजर समोर रस्त्यावर. मध्ये केनेट रिव्हरला उतरा. तिथल्या निलगिरीच्या झाडांवर कोआला झोपलेले असतात. ते शोधेपर्यंत पोट जागेवर येतं. औषध द्यायचं तर इथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून बरोबर न्या.

त्या रात्री अपोलो बेला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ऑटवेच्या जंगलातून ट्वेल्व्ह अपोस्टल्सला जा. समुद्रात उभे असलेले ते चुनखडीचे सुळके बारा नाहीत, कधी नव्हतेही, आणि २००५ मध्ये त्यातला एक कोसळला. तिथली लाकडी वाट सासूबाईंना झेपेल. जवळच्या गिब्सन स्टेप्सच्या पायऱ्या मात्र त्यांच्यासाठी नकोत. मुलीला घेऊन तुम्ही उतरा. दुसरी रात्र पोर्ट कॅम्पबेलला काढा आणि तिसऱ्या दिवशी कोलॅकवरून, आतल्या सरळ रस्त्याने परत. पोराला तेवढीच विश्रांती.

ननंदेला हे सांगायचं कसं? "तुझाच रस्ता करतोय, फक्त दोन रात्री राहून. तू पण चल." पाहुण्यांना एका दिवसात पळवून आणणारीने स्वतः तिथे शेवटची रात्र कधी काढली होती, विचारून बघा.

आता पत्रात जिचे गुडघे आणि कंसातल्या दोन ओळी एवढंच आलं, तिच्याबद्दल. ग्रेट ओशन रोड हे मुळात युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने खोदला, परत न आलेल्या सोबत्यांच्या नावाने. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान आहे आणि बाजूला काम करणाऱ्या सैनिकांचा पुतळा. फौजी माणसाबरोबर जिने संसार केला, तिला हा रस्ता कुणी सांगितलाय का? तुम्ही सांगा. आज संध्याकाळी, चहाच्या वेळी. आणि मग त्यांना कुठे जायचंय तेही विचारा.

गाडी तुमची वेगळी भाड्याने घ्या, यजमानांची चालवायची हौसही फिटेल. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतं. सात वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र सीट कायद्याने लागते, ती गाडीबरोबरच सांगून ठेवा. ती मागे बसली की मागची जागा तुम्हाला आणि मुलांनाच पुरेल, म्हणून सासूबाई पुढे. ग्रेट ओशन रोड जिथे सुरू होतो त्या टॉर्कीहून पश्चिमेला जाताना समुद्र सतत डाव्या हाताला असतो. गाडी थांबवायला रस्ता ओलांडावा लागत नाही आणि डावीकडच्या पुढच्या खिडकीतून मध्ये काही येत नाही.

फराळ न्याल, ते मी गृहीत धरलंय. चिवडा, चकली, लाडू जे काही असेल ते उतरताना द्यायच्या कार्डावर खाद्यपदार्थ म्हणून लिहा आणि विचारलं की उघडून दाखवा. लपवलं तर दंड जबर असतो. पेढे-बर्फी इथेच संपवा.

तुमची,
ताई