मुंबईत ४५ वर्षं जुन्या इमारतीतला फ्लॅट घेतोय, घराचा विमा मिळेल का?

मिळेल, पण आधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारत किती मजबूत आहे याच्या तपासणीचा, अहवाल मागा. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. सोसायटी टाळाटाळ करत असेल तर बयाणा देऊच नका.

विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी बघा, एप्रिल २०२१ पासून सुरू आहे. आग, पूर, भूकंप, दरड कोसळणं त्यात येतं. जुनी गळती, गंजलेल्या सळया, झिजून सुटलेलं प्लास्टर येत नाही, आणि जुन्या घराचं खरं दुखणं तेच असतं! त्यासाठी दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवा.

विम्याची रक्कम पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही. अर्जात बांधकामाचं वर्ष खरंच लिहा, नाहीतर दावा अडकू शकतो.