आरव्ही जितकी उभी, तितकी स्वस्त

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. भाड्याची तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, सनीव्हेलहून यलोस्टोन नॅशनल पार्क आणि परत, दहा दिवस, दोन्ही मुलं आणि जमलं तर आईबाबाही. हॉटेलं वाचली, बाहेरचं जेवण वाचलं, म्हणजे ट्रिप स्वस्तात झाली असा तुझा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे. आरव्ही उभी असते तेव्हा पैसे वाचवते आणि धावायला लागली की खाते. तुझ्या बेतात ती धावतेच आहे.

कागद घेऊन बस. तुमच्याकडून यलोस्टोन एका बाजूने साडेनऊशे मैलांच्या आसपास. पार्कातलं फिरणं धरून 2000 मैल झालेच. तीस फुटी आरव्ही गॅलनला आठ ते दहा मैल देते. नऊ धरले तर 222 गॅलन, आणि चार डॉलर भावाने जवळजवळ 890 डॉलरचं पेट्रोल. वर भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या मैलामागे वेगळे पैसे घेतात. 40 सेंट धर, आणखी 800. म्हणजे दिवसाचं भाडं, कॅम्पग्राउंड आणि विमा यांचा एक डॉलरही न मोजता सतराशेच्या घरात गेलीस. हेच अंतर तुमची मिनीव्हॅन 80 गॅलनमध्ये कापेल. शिवाय दहातले चार दिवस मुलं पट्ट्यात जखडलेली असणार. धाकटी दर तासाला "अजून किती?" विचारणार, त्याचा हिशेब तूच कर.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की आरव्ही चालवूच नकोस. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअर या संकेतस्थळांवर लोक स्वतःचे ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची राहती घरं, भाड्याने देतात, आणि त्यातले बरेच मालक ट्रेलर थेट कॅम्पग्राउंडवर आणून, समतल करून, नळ-वीज जोडून देतात आणि ट्रिप संपली की घेऊन जातात. पोहोचवण्याचे पैसे लागतात, पण मैलांचे लागत नाहीत. मागायचा तो ट्रेलर मुक्कामाच्या जागेजवळच्या गावातला माग, तुमच्या शेजारचा नको. तुम्ही आपल्या गाडीने जायचं, दिवसभर तिनेच फिरायचं. दूध संपलं म्हणून अख्खं घर उचकटून दुकानात न्यावं लागत नाही, हा फायदा पहिल्याच सकाळी कळेल. नॅशनल पार्कच्या आत ट्रेलर पोहोचवायला परवान्याचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा मालकाला आधी विचार. जमत नसेल तर शेजारच्या नॅशनल फॉरेस्टमधलं कॅम्पग्राउंड घे. बहुतेक वेळा ते स्वस्तही असतं.

यात मुलांच्या कार सीटचा प्रश्नही आपोआप सुटतो. मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतः धावणाऱ्या आरव्हीत, जेवणाच्या टेबलाशी असलेल्या सीटना अनेकदा फक्त कमरेचा पट्टा असतो, काही सीट आडव्या किंवा मागे तोंड केलेल्या असतात. आडव्या किंवा उलट्या सीटवर कार सीट बसवायची नसते. "सहा जण झोपतात" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. सहा जण नीट पट्टा बांधून बसतात का, हे कोणी लिहीत नाही. मोटरहोमच घ्यायची ठरवलीस तर पैसे भरण्याआधी त्या सीटचे फोटो मागव. तिथे एक डॉलरही वाचवायचा नाही.

दुसरं म्हणजे विम्याचं. तुझ्या क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचा विमा मिळतो, पण त्यातून मोटरहोम सहसा वगळलेली असते. तुमची स्वतःची पॉलिसीही बहुधा तिला धरत नाही. फोन करून विचार आणि उत्तर लेखी घे. ताबा घेताना आतून-बाहेरून, छतासकट व्हिडिओ काढ. डिपॉझिटचे वाद तिथेच मिटतात. भांडी, अंथरुणं, कॅम्पिंगच्या खुर्च्या यांचे संच भाड्याने देतात, ते घेऊ नकोस. तुझ्या गराजमध्ये याहून चांगल्या वस्तू पडल्या आहेत. जनरेटरचे तासाचे पैसे लागतात का तेही बघ. डोंगरात रात्री एसी लागत नाही, मग जनरेटर कशाला?

आता भारतातून येणाऱ्या आईबाबांचं. 1 जानेवारी 2026 पासून नॅशनल पार्कांचे दर बदलले. अमेरिकेत राहणाऱ्यांना सगळ्या पार्कांचा वार्षिक पास 80 डॉलरलाच आहे, बाहेरून येणाऱ्यांना तोच 250 डॉलर. आणि यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन धरून 11 गर्दीच्या पार्कांत असा पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी 100 डॉलर जादा पडतात. ते दोघं याच उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांना घेऊन लॅसनला, उत्तर कॅलिफोर्नियातल्या नॅशनल पार्कला, जा. ते त्या 11 मध्ये नाही, तुमच्यापासून एका दिवसात आरामात पोहोचता येतं, आणि जमिनीतून वाफा नि उकळता चिखल वर येताना मुलांना तिथेही दिसतो. तिथल्या मॅन्झनिटा लेकच्या कॅम्पग्राउंडवर तळं आहे, दुकान आहे, अंघोळीची सोय आहे. वीज-पाण्याची जोडणी मात्र नाही. बाबांना रात्री उठावं लागतं, म्हणून ट्रेलरमधलं स्वच्छतागृह हीच खरी चैन समज. आईला वरच्या बंकवर चढवू नकोस, एवढं सांगून ठेवतो.

यलोस्टोन पुढच्या उन्हाळ्यात कर. थोरला येत्या सप्टेंबरात चौथीत जाईल ना? इथल्या चौथीतल्या मुलांना 'एव्हरी किड आउटडोअर्स' नावाचा फुकट पास मिळतो. 1 सप्टेंबर ते पुढच्या वर्षीचा 31 ऑगस्ट एवढी त्याची मुदत. मूल सोबत असलं की गाडीतल्या कुटुंबाचा प्रवेश त्यात होतो. संकेतस्थळावरून काढून न्यायचा. कॅम्पग्राउंडचं भाडं त्यात येत नाही. शेवटी वाचतात ते 80 डॉलर, त्यासाठी कोणी ट्रिप पुढे ढकलू नये. पण गेटवर स्वतःच्या नावाचा पास पुढे करताना त्या वयाच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. बहुतेक पार्कांत ज्युनिअर रेंजर या मुलांच्या उपक्रमाची पुस्तिका विनाशुल्क मिळते. ती भरून दिली की बिल्ला. दोन्ही मुलं त्यात अर्धा दिवस गुंततात, मग गिफ्ट शॉपकडे ओढ कमी होते. अगदीच जात नाही.

यलोस्टोनला जायचं मिनीव्हॅननेच, वाटेत नेव्हाडातल्या एल्कोला एक रात्र मोटेलात, आणि ट्रेलर वेस्ट यलोस्टोन किंवा आयलंड पार्कच्या बाजूला एकाच जागी पाच रात्री. जागा मिळणं हेच अवघड. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच ठिकाणांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, आणि चांगल्या जागा काही मिनिटांत जातात. नाही मिळाली तर खासगी आरव्ही पार्क लगेच घेऊ नकोस. लोक रद्द करत असतात, रोज सकाळी बघत राहा. रविवार ते गुरुवारच्या जागा जास्त सुटतात. मोटरहोम असेल तर जागेची लांबीही बघावी लागते, तीस फूट अनेक ठिकाणी मावत नाहीत. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात तर 21 फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत. मग एवढी मोठी गाडी पार्किंगमध्ये ठेवून दुसऱ्या कशाने तरी फिरायचं, म्हणजे दोनदा पैसे.

सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो, वॉलमार्टच्या आवारात मॅनेजरने हो म्हटलं तर रात्र काढता येते, हे तू वाचलं असशीलच. पहिल्या ट्रिपला, मुलं घेऊन, हे नको. पाण्याची टाकी दुसऱ्याच दिवशी संपते.

खाण्याकडे मात्र नीट लक्ष दे, कारण खरी बचत तिथेच आहे. पार्कालगतच्या गावांत किराणा महाग, आणि तुरीची डाळ शोधलीस तरी मिळणार नाही. घरून डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट, भडंग, पहिल्या दोन दिवसांच्या दशम्या आणि चटण्या ने. साधा शिट्टीचा कुकर ने, इन्स्टंट पॉट नको. वीजजोडणी नसेल तर तो ठोकळा. तिकडे साडेसहा हजार फुटांवर पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो. फोडणी ट्रेलरच्या आत करायची नाही. हिंग-मिरची पडली की धुराचा अलार्म बोंबलतो, आणि मसाल्याचा वास राहिला म्हणून साफसफाईचे पैसे कापणारे मालकही असतात. बाहेर पिकनिक टेबलावर छोटा गॅस ठेवून कर, किंवा घरूनच फोडणी बरणीत भरून ने. जेवण झालं की एक दाणा बाहेर ठेवू नकोस, अस्वलांचा मुलूख आहे.

आणि नवऱ्याला सांग, ट्रिप झकास झाली तरी परतल्यावर आरव्ही विकत घ्यायच्या जाहिराती उघडायच्या नाहीत. वर्षातले पन्नास आठवडे ती उभी राहणार, आणि तुमच्याकडे तिला उभी करायलाच महिन्याचं भाडं पडेल. शीर्षकात मी म्हटलेली 'उभी' ती ही नव्हे.

लॅसनच्या तारखा ठरल्या की ट्रेलरवाल्याशी बोलण्याआधी मला फोन कर.

तुझा,
काका

ता. क. कुकरची जादा रिंग घे. तिकडे हॉकिन्सची रिंग शोधत बसू नकोस.