एका रेशोवर थांबू नकोस

अगं, तुझा मेल आणि नेब्युलाचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम दोन्ही पाहिले. एच-टूच्या, म्हणजे हायड्रोजन रेणूच्या, दोन लाइन्सचा रेशो, २-१ एस(१) भागिले १-० एस(१) (पहिले दोन आकडे कंपनाच्या म्हणजे व्ही च्या वरच्या-खालच्या लेव्हलचे, अक्षर आणि कंस रेणूच्या फिरण्याचे), साधारण ०.२ आला आणि तू लगेच शॉक, म्हणजे धक्क्याच्या लाटेने तापलेला गॅस, असं लिहून मोकळी झालीस. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही गं.

मान्य, पुस्तकातला हिशोब तोच आहे, शॉकमध्ये गॅस दोनेक हजार केल्विनला तापला की रेशो ०.१ च्या आसपास आणि निव्वळ यूव्ही फ्लुरोसन्स असेल तर ०.५-०.६. पण तो दुसरा आकडा विरळ गॅसचा आहे. फ्लुरोसन्समध्ये यूव्ही फोटॉनने रेणू वरच्या इलेक्ट्रॉनिक लेव्हलला उचलला की दहातला एखादा तुटतो, बाकीचे ग्राउंड स्टेटच्या कुठल्यातरी वरच्या कंपन लेव्हलवर येऊन पडतात आणि इन्फ्रारेड सोडत सोडत खाली उतरतात. आता एच-टूला डायपोल (दोन टोकांच्या विद्युतभारातला फरक) नाही, सगळा कारभार फार मंद अशा क्वाड्रुपोल उत्सर्जनावर, त्यामुळे १-० एस(१) ज्या लेव्हलवरून निघते तिथला रेणू सरासरी दोनेक आठवडे नुसता बसून असतो. डेन्सिटी घन सेंटीमीटरला लाखभर कणांच्या वर गेली की तेवढ्या वेळात कोणीतरी येऊन धडकतंच, शिवाय यूव्हीने ढगाची कडच हजारभर केल्विनला तापलेली असते, मग व्ही=१ थर्मल होतं (टकरींमुळे गॅसच्या तापमानाप्रमाणे भरतं) आणि रेशो खाली घसरतो. स्टर्नबर्ग आणि डाल्गार्नो या खगोलभौतिकशास्त्रज्ञांनी हे १९८९ मध्येच नीट मांडलंय. म्हणजे तुझा ०.२ दाट पीडीआरचाही (ताऱ्याच्या यूव्हीने तापलेल्या ढगाच्या कडेचाही) असू शकतो, शॉकचा पत्ता नसताना!

मृग नक्षत्राकडेच बघ ना. ओरायन केएल या तारे जन्मणाऱ्या भागात १-० एस(१) ही लाइन १९७६ मध्ये सापडली, ती शॉकची. तिथून थोड्याच आर्कमिनिटांवर ओरायन बार हा ढगाच्या कडेचा पट्टा, तिथे तीच लाइन ट्रॅपेझियम या छोट्या गुच्छातल्या ताऱ्यांच्या यूव्हीने पेटलेली. स्वच्छ फ्लुरोसन्स बघायचा तर एनजीसी २०२३ हा नेब्युला, एचडी ३७९०३ या बी ताऱ्याभोवतीचा, तोही मृगातलाच.

तेव्हा आता पूर्ण एक्सायटेशन डायग्राम (लेव्हलच्या ऊर्जेसमोर तिथल्या रेणूंच्या संख्येचा आलेख) काढ. २.२० मायक्रॉनची ३-२ एस(३) शोध, एच बँडचा (१.६ मायक्रॉनच्या आसपासचा) डेटा असेल तर १.६० ची ६-४ क्यू(१) सुद्धा. ती व्ही=६ ची लेव्हल तीसेक हजार केल्विनवर आहे, नुसत्या उष्णतेने तिथे रेणू भरायला गेलीस तर त्याआधी एच-टूच तुटून जाईल. ती लाइन दिसली तर यूव्हीचा हात आहेच समज. शॉकमध्ये सगळे बिंदू साधारण एका वळणावर बसतात, फ्लुरोसन्समध्ये प्रत्येक व्ही ची शिडी वेगळी दिसते.

बिंदू ऑर्थो-पॅरा (रेणूतल्या दोन प्रोटॉनांचे स्पिन समांतर की उलट, त्यावरून पडणारे दोन प्रकार) असे वरखाली नाचत असतील तर पहिल्यांदा जी मध्ये, म्हणजे लेव्हलच्या सांख्यिकीय वजनात, ऑर्थोचा ३ टाकलाय का ते बघ (हे हमखास राहतं). टाकूनही ऑर्थो-पॅरा रेशो १.७-१.८ च येत असेल तर गॅस थंडीत बनला वगैरे थिअरी लावू नकोस, ऑर्थोच्या यूव्ही लाइन्स आधी सॅच्युरेट होतात (त्यांच्यापुरता यूव्ही आधीच शोषून संपतो) म्हणून ३ च्या वर्गमुळाकडे घसरण होते, खरा रेशो ३ असला तरी.

१-० क्यू(३) आणि एस(१) एकाच लेव्हलवरून निघतात, धूळ नसेल तर त्यांचा रेशो ०.७, गॅस कसाही असो. जास्त आला तर एक्स्टिंक्शन (धुळीने प्रकाश अडवणं) म्हणता येईल, पण क्यू(३) पडते २.४२ ला, बँडच्या अगदी कडेला, जिथे आपल्या वातावरणातली वाफ खाऊन टाकते, म्हणून लडाखमधल्या हानलेसारख्या कोरड्या जागेचा डेटा असला तरी टेल्युरिक स्टार (वातावरणाचं शोषण मोजायला घेतलेला तारा) नीट तपास. ०.७ पेक्षा कमी आला तर धुळीला दोष देऊच नकोस, कॅलिब्रेशनच चुकलंय.

आणि हो, स्काय कुठून घेतलास? स्लिटवरच नॉड केलं (दुर्बीण स्लिटच्या लांबीतच सरकवून स्काय घेतलं) असशील तर पसरलेल्या नेब्युलात एच-टूच एच-टूमधून वजा झालंय, आणि सगळीकडे सारखं वजा होत नाही, म्हणून रेशोवरही भरवसा राहत नाही. लॉगमध्ये ऑफसेट किती होता ते बघून कळव, बाकीचं त्यानंतर.