तिकीट लॅमिनेट करू नका (काकांच्या मुदत संपलेल्या लॉटरीबद्दल)

काकांच्या जुन्या पाकिटात केरळ लॉटरीचं तिकीट सापडलं, लाख रुपये लागलेत, पण सोडतीला अकरा महिने झाले, आता ते पैसे कुठे पडून असतील? हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम ठसठसली. माझंही केरळचंच, शबरीमलाहून परतताना घेतलेलं. रक्कमही तीच!

आधी कडू ते सांगतो. पैसे कुठेही पडून नाहीत. बँकेतली ठेव दहा वर्षं कुणी विचारली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाला नंतरही मागता येते. लॉटरीचं तसं नाही. १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याचं चौथं कलम सांगतं की मुदतीत न मागितलेलं बक्षीस त्या राज्य सरकारच्या मालकीचं होतं. आपल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीलाही हेच लागू. 'एजंट खातो' वगैरे गप्पा सोडा. केरळची मुदत ३० दिवस.

माझे ३० दिवस कसे गेले ते ऐका. परत केरळला कोण जाणार, म्हणून बँकेमार्फत पाठवायचं ठरवलं. शाखेचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी तिकीट उलटंसुलटं केलं. "वरून विचारतो. तोवर लॅमिनेट करून ठेवा, खराब व्हायचं." मी शहाण्याने समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपयांत करून घेतलं. सोळा दिवसांनी वरून उत्तर आलं: मागे नाव, पत्ता, सही हवी. आता प्लास्टिकवर सही? बायकोने हेअर ड्रायरने कोपरा सोडवायला घेतला, तर कागदाचा पापुद्रा निघाला आणि शेवटचे दोन आकडे प्लास्टिकबरोबर गेले. साहेब म्हणे, "मी फक्त सुचवलं होतं." सुचवलं होतं!

मी काही वकील नाही, पण अकरा महिन्यांनंतर वकिलावर पैसे घालू नका असं माझं मत. मनाच्या समाधानासाठी तिथल्या जिल्हा लॉटरी कार्यालयाला एक पत्र टाका, बस. 'मुदत वाढवून देतो, आधी फी भरा' म्हणणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आणि तसेही ३० टक्के करात गेलेच असते, मी तरी अशीच समजूत घालतो. पुढच्या वेळी मात्र तिकीट हातात पडल्या पडल्या मागे सही आणि दोन्ही बाजूंचा फोटो.

माझं तिकीट अजून कपाटात आहे. बायको टाकू देत नाही.