अस्वली गुदगुल्या म्हणजे काय?

गोरेगावच्या एका ताईंनी विचारलंय: “‘विरोधकांना अस्वली गुदगुल्या’ असा मथळा वाचला. म्हणजे बोचरे विनोद का? आणि अस्वल खरंच गुदगुल्या करतं?”

बोचऱ्या विनोदाला आपल्याकडे चिमटा आहे, कोपरखळी आहे. अस्वली गुदगुल्यांचा रोख निराळा. अस्वल माणसाला धरून गुदगुल्या करतं आणि तो हसता हसता मरतो, अशी जुनी समजूत. त्यावरून हा शब्दप्रयोग. म्हणून ज्याला गुदगुल्या होतायत तो खूश हवा आणि त्याचा घातही त्यातच व्हायला हवा. पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डर आगाऊ भाडं, कॉर्पस म्हणजे हाती मिळणारी एकरकमी रक्कम, पोडियम पार्किंगची चित्रं दाखवतो आणि सभासद कार्पेट एरियाचं, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेचं, कलम न वाचता माना डोलावतात, या अस्वली गुदगुल्या. बातमीतले विरोधक चिडले असतील तर मथळा चुकला. ‘अस्वलाच्या गुदगुल्या’ही म्हणतात, अर्थ तोच.

प्राण्याचं म्हणाल तर समजूत खोटी. आपलं अस्वल काळं, झिपरं, छातीवर पांढरट पट्टा. पुढच्या पंजांची ७-८ सेंमी लांब नखं असतात ती वारूळ उकरायला. मग नाकपुड्या मिटायच्या, ओठांचा चंबू करायचा, फुंकरीनं माती उडवायची आणि वाळवी सुर्रकन ओढायची. वरचे मधले दोन दात नसतातच, ती फट इथे कामी येते. हा आवाज शंभरेक मीटरवर ऐकू जातो. बाकी मध, मोहाची फुलं, जांभळं, बोरं, बहाव्याच्या शेंगा, जे मिळेल ते.

माणूस अचानक समोर आला की मात्र ते मागच्या पायांवर उभं राहतं आणि त्याच नखांनी थेट डोक्या-चेहऱ्यावर येतं. मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, ताडोब्याच्या आसपास रानात जाणाऱ्यांना विचारा. हसू येण्यासारखं त्यात काही नाही. लांबून पाहणाऱ्याला ती झटापट गुदगुल्यांसारखी वाटली असावी, असा आपला माझा तर्क.

राणीच्या बागेत आपल्या अस्वलाच्या ‘स्लॉथ बेअर’ या इंग्रजी नावाचं ‘आळशी अस्वल’ करून मुलांना सांगणारे पालक भेटतात. तेही नको. १७९१मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी नखं आणि दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या झाडावर लटकणाऱ्या संथ प्राण्याच्या गटात बसवलं, नाव तिथून चिकटलं. चिडलेलं अस्वल पळत्या माणसाला सहज गाठतं. आणि ‘तो अस्वल’ही नको, ते हिंदीतल्या ‘भालू’चं अनुकरण. मराठीत ते अस्वल.