चाक उलटं का फिरतं?

प्रश्न : ताई, आफ्टर इफेक्ट्समध्ये (ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये) एसटी स्टँडात येऊन थांबते असा शॉट करतोय. चाकाच्या रोटेशनला 'टाइम गुणिले स्लायडर' असं एक्स्प्रेशन, म्हणजे किंमत काढणारं सूत्र, दिलंय; स्लायडर म्हणजे कमी-जास्त करता येणारा आकडा. स्लायडर 90 वर आहे तोवर चाक छान फिरतं. आठव्या ते दहाव्या सेकंदात तो 90 वरून शून्यावर आणला, की गाडी पुढे आणि चाकं मागे! कीफ्रेम्समध्ये (ठरावीक क्षणांना दिलेल्या किमतींमध्ये) तर चूक दिसत नाही. शिवाय इंजिनची थरथरही हवी आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : कीफ्रेम्स बरोबरच आहेत, त्यांच्यामागे लागू नका. स्लायडर म्हणजे वेग असं तुम्ही धरलंय. एक्स्प्रेशन मात्र प्रत्येक फ्रेमला नव्याने गुणाकार करतं. मागच्या फ्रेमला चाक कुठे होतं याची त्याला गंधवार्ता नसते. आकडेच मांडून बघा. आठव्या सेकंदाला 8 गुणिले 90, म्हणजे 720 अंश. नवव्याला स्लायडर निम्म्यावर, 9 गुणिले 45, म्हणजे 405. दहाव्याला 10 गुणिले शून्य. दोन सेकंदांत चाक दोन पूर्ण फेरे उलटं फिरलं!

तेव्हा वेळेचा नाद सोडा आणि चाक अंतराला बांधा. चाकाचा व्यास 200 पिक्सेल असेल तर परीघ साधारण 628. गाडी तेवढी पुढे सरकली की चाकाचा एक फेरा. रोटेशनच्या स्टॉपवॉचवर ऑल्ट दाबून क्लिक करा (मॅकवर ऑप्शन), पिकव्हिप (एक्स्प्रेशनशेजारचं जोडणीसाठी ओढायचं चिन्ह) गाडीच्या पोझिशनमधल्या पहिल्या आकड्यावर, म्हणजे एक्सवर, नेऊन सोडा आणि पुढे 'भागिले 628 गुणिले 360' जोडा. आता गाडी हळू करा, थांबवा, रिव्हर्स घ्या. चाक मुकाट्याने गाडीचं ऐकतं. स्लायडर काढून टाकला तरी चालेल.

दोन ठिकाणी हमखास अडतं. चाक गाडीला पॅरेंट केलेलं, म्हणजे गाडीसोबत हलेल असं जोडलेलं, असेल तर चाकाची स्वतःची पोझिशन बदलतच नाही, म्हणून आकडा गाडीचाच घ्यायचा. आणि गाडी 50 टक्के स्केलवर असेल तर व्यास पडद्यावर दिसतो तो, 100 पिक्सेल, धरा. नाहीतर चाक घसरल्यासारखं दिसेल.

थरथरीसाठी विगल (किंमत आपोआप इकडेतिकडे हलवणारं एक्स्प्रेशन) वापरा, पण ते गाडीच्या त्याच पोझिशनला लावलंत तर एक्स थरथरेल आणि त्यासोबत चाकंही कापतील. मी अशा शॉटला आधी एक नल (पडद्यावर न दिसणारा रिकामा लेयर) घेते. प्रवास नलचा, बॉडी आणि चाकं दोन्ही त्याला पॅरेंट, चाकांचं एक्स्प्रेशन नलचा एक्स वाचतं आणि विगल फक्त बॉडीला. थांबलेल्या गाडीचं इंजिन चालूच असतं, म्हणून थरथर शून्यावर नेऊ नका, थोडी ठेवा. कमी-जास्त करायची ती विगलमधली दुसरी संख्या, किती हलायचं ती. पहिलीला, सेकंदाला किती वेळा हलायचं तिला, कीफ्रेम्स दिल्यात की वर सांगितलेलाच घोळ पुन्हा होतो.

पुढच्या शॉटमध्ये सरळ चढ असेल तर नुसता एक्स पुरणार नाही. चढाइतका तिरका केलेला दुसरा नल घ्या, पहिला त्याला पॅरेंट करा आणि फक्त एक्समध्ये चालवा. चाकांच्या एक्स्प्रेशनला हात लावायची गरज पडत नाही.