व्हीआरएसचे 17 लाख गोठ्यात घालावेत का?

भांडुपच्या एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवलं आहे. वय 56. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आहे. ग्रॅच्युइटी, पीएफ आणि व्हीआरएसची रक्कम धरून हातात 46 लाख येतील. घर स्वतःचं, गृहकर्ज 6 लाख शिल्लक. पत्नीला बालवाडीतून महिना 9,000 मिळतात. घरखर्च 38,000, त्यातले 11,000 कर्जाच्या हप्त्याचे. जुन्नर तालुक्यात वडिलोपार्जित अडीच एकर आहे, ती धाकटा भाऊ आणि भावजय कसतात. तिथे 6 एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणि 25 संगमनेरी शेळ्या घ्यायच्या, गोठा बांधायचा आणि वर्षाला 5 लाख गायींचे, शिवाय शेळीच्या दुधाचे मुंबईत 200 रुपये लिटरने वेगळे मिळवायचे, अशी योजना. एकूण खर्च 17 लाख. "करू का?" एवढाच प्रश्न.

नमस्कार. सरळ सांगतो: 17 लाख घालू नका, 5 लाख घाला. गावाकडे परत काहीतरी उभं करायची तुमची ओढ मला खरी वाटते आणि ती मोडावी असं अजिबात वाटत नाही. पण तुमच्या हिशेबात दोन गोष्टी चुकल्या आहेत. एक आकड्यांची आहे, दुसरी माणसांची. दुसरी जास्त महत्त्वाची असली तरी आकड्यांपासून सुरू करतो, कारण त्यातूनच ती दिसते.

तुम्ही लिहिलंय: एक गाय 15 लिटर, 6 गायी 90 लिटर, 365 दिवस, 32 रुपये भाव, म्हणजे 10,51,200 रुपये. त्यातून गायीमागे रोजचा खर्च 250 प्रमाणे 5,47,500 वजा. उरले 5 लाख. कागदावर बरोबर. पण 15 लिटर हा आकडा बाजारात दाखवलेल्या गायीचा आहे, म्हणजे नुकतीच व्यालेली, भरात आलेली गाय. गाय रोज 15 लिटर वर्षभर देत नाही. व्याल्यावर सहा-आठ आठवड्यांत ती सर्वात जास्त दुधावर येते, मग दूध उतरत जातं. पुढच्या वेताआधी दोन महिने तिला आटवावंच लागतं. जाणकार एक ठोकताळा वापरतात: भरातल्या दुधाला 200 ने गुणलं की त्या वेताचं दूध मिळतं. म्हणजे तुमची गाय एका वेतात 3,000 लिटर देईल. आणि दोन वेतांतलं अंतर 12 महिने नसतं. माज चुकतो, गाय उलटते म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, साडेतेरा महिने सहज जातात. वर्षाला पडले साधारण 2,650 लिटर. सहा गायींचे 16,000 लिटर.

तुम्ही धरलेत 32,850. निम्म्याहून कमी.

आता पैसे. 16,000 लिटर गुणिले 32, झाले 5,12,000. भाकड काळात खुराक कमी लागतो, म्हणून खर्च सरासरी 200 रुपये धरू: 4,38,000. डॉक्टर, कृत्रिम रेतन, औषधं, विमा मिळून गायीमागे वर्षाला 5,000 म्हणजे 30,000. उरले 44,000. शेणखत आणि एखाद-दुसरी कालवड हा वरचा फायदा, तो मी नाकारत नाही. पण 17 लाखांतले मोठे पैसे गुंतवून, दोन माणसांनी वर्षभर राबून, हातात 44,000.

आणि हे 32 रुपये तरी कायम कुठे? गायीच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो. एचएफच्या दुधाला फॅट मुळातच कमी, त्यामुळे पॉइंट घसरले की कपात होते. दुधाचे दर इतके पडले होते की 2024 मध्ये राज्य सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. पुढे ते 7 रुपये केलं. 16,000 लिटरवर भाव 2 रुपयांनी उतरला तर 32,000 जातात. तुमच्या 44,000 मधले.

म्हातारी गाय आणि गोऱ्हा यांचा हिशेब पत्रात कुठेच नाही. राज्यात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी आहे, 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कायदा योग्य की अयोग्य हा इथे विषय नाही, पण जो गोठा घालतो त्याला हे माहीत हवं: दूध थांबलेल्या जनावराला गिऱ्हाईक नसतं, त्याची वैरण तुम्हालाच घालावी लागते. म्हणून रेतन करताना लिंगनिर्धारित वीर्यमात्रा मागा, साधारण 90 टक्के कालवडी होतात. थोडे जास्त पैसे जातात, पण हा खर्च वाचवू नका.

शेळ्यांचं गणित उलटं आहे. तुम्ही दुधावर भिस्त ठेवली आहे, पण शेळीचा पैसा करडांत असतो. संगमनेरी ही दूध आणि मांस दोन्हीची जात म्हणून ओळखली जाते, तरी दूध रोजचं अर्धा-पाऊण लिटर, तेही काही महिने, आणि त्यावर पहिला हक्क करडांचा. गावातली डेअरी ते घेणार नाही. मुंबईत आणायचं तर माळशेजवरून रोज थंड साखळीत आणावं लागेल, अन्न सुरक्षा नोंदणी काढावी लागेल, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद. भांडुपला 200 रुपयांनी मागणी आहे असं तुम्ही म्हणता, ती बहुतेक डेंग्यूच्या दिवसांतली असणार. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला वैद्यकीय आधार नाही, आणि आजाराच्या भीतीवर चालणारं गिऱ्हाईक दिवाळीनंतर फिरकत नाही. हा भाग योजनेतून पूर्ण काढून टाका.

करडांचं मात्र बोलू. शेळी पाच महिन्यांत विते, नीट निगा असेल तर दोन वर्षांत तीन वेत होतात, जुळीही बरीच. 25 शेळ्यांतून मर वजा करून, काही पाठी (तरुण माद्या) ठेवून, वर्षाला 30 करडं विकली आणि सरासरी 7,000 धरले तर 2,10,000 येतात. खुराक, लसी, औषधं 1,20,000 धरली तरी 90,000 उरतात. शेळ्यांत तुमची रक्कम 2,80,000 आणि गायींत 5,40,000. कुठला पैसा जास्त राबतोय ते दिसतंच आहे. शिवाय शेळी मेली तर 10,000 चं नुकसान, गाय मेली तर 90,000 चं. देवनारच्या बकरी ईदच्या बाजाराचा मोह होईल, हरकत नाही. पण कुर्बानीला बोकड वर्ष पूर्ण झालेलाच लागतो आणि ईद दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते. म्हणून शेळ्या कधी गाभण करायच्या हे जवळपास दीड वर्ष आधीच ठरवावं लागतं.

जुन्नरचं म्हणून एक वेगळं सांगायला हवं. बिबट्या. तुमच्या भावाला हे सांगायची गरज नाही, पण अंदाजपत्रक तुम्ही मुंबईत बसून केलंय आणि त्यात शेळ्यांच्या शेडला अर्ध्या उंचीची भिंत आहे. जाळी छपरापर्यंत हवी, दार आतून-बाहेरून बंद होणारं हवं. बिबट्याने जनावर मारलं तर वनविभाग भरपाई देतो, पण लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. एका रात्रीत आठ-दहा शेळ्या गेल्या तर त्या भरपाईने कळप परत उभा राहत नाही.

"गावातल्या एकाने 50 टक्के अनुदान मिळेल असं सांगितलं," असं तुम्ही लिहिलंय. राष्ट्रीय पशुधन अभियानात तसं अनुदान आहे, पण शेळ्यांसाठी सर्वात लहान गट 100 शेळ्या आणि 5 बोकडांचा आहे. 25 शेळ्यांना ते लागू नाही. अनुदानासाठी 100 शेळ्या घेऊ म्हणाल तर कृपा करून नको. त्यांना घालायला चारा कुठे आहे?

चाऱ्यावर थोडं थांबतो, कारण गोठे बुडतात ते बहुतेक वैरणीपायी. एका दुभत्या गायीला दिवसाला 20 किलो हिरवा चारा धरा. सहा गायींना वर्षाला 44 टन. बारमाही पाण्याच्या एक एकर नेपियर गवतातून तो निघू शकतो. तुमची विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते असं पत्रातच आहे. मग दोन-अडीच महिने विकतचा चारा, आणि तो तेव्हाच महाग असतो जेव्हा सगळ्यांना लागतो. पावसाळ्यात मका करून मुरघास (हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा) भरणं हा उपाय आहे. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा, शेळ्यांना तेच हवं असतं. पण हे सगळं जनावर यायच्या आधी उभं असायला हवं. तुमच्या योजनेत पहिल्या महिन्यात गायी आहेत आणि चाऱ्याची लागवड चौथ्या महिन्यात.

आता माणसांचं. पत्रात एक वाक्य आहे: "मजुरीचा खर्च नाही, भाऊ-भावजय बघतील." सहा गायींची धार पहाटे आणि संध्याकाळी, डेअरीच्या वेळेआधी. शेण काढणं, वैरण कापणं, कुट्टी, पाणी. माज बघणं, डॉक्टरला बोलावणं. गायीला दिवाळी नाही, कुणाच्या लग्नाला दोन दिवस जाणं नाही. यातलं बहुतांश काम भावजयीवर पडणार हे तुम्हालाही माहीत आहे, आणि ती आधीच कांदा-टोमॅटोच्या शेतात राबते. तिला विचारलंत का? पूर्ण पत्रात तिचं मत कुठेही नाही. तिच्या श्रमाला मजुरी लावली तर वरचे 44,000 उणे होतात. गोठ्याचा नफा म्हणून तुम्ही जे मुंबईत मोजताय, ते तिचं न दिलेलं वेतन आहे. हे मला फार लागलं, म्हणून स्पष्ट लिहितोय. गाय घ्यायचीच असेल तर डेअरीतलं खातं भावजयीच्या नावावर काढा. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार तिच्या हातात पडू दे. तिने नको म्हटलं तर गायी नाहीत, फक्त शेळ्या.

तुमच्या 46 लाखांचं मी असं करीन. आधी 6 लाख देऊन गृहकर्ज संपवा, घरखर्च 27,000 वर येतो. 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. वय 60 नाही म्हणून ती आपल्याला नाही असं तुम्हाला वाटलंय, पण स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना 55 नंतर ती खुली आहे. मुख्य अट ही, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500. पत्नीचे 9,000 धरून 29,500 होतात. घर चालतं, पण शिल्लक फार नाही. आरोग्यविम्याचा हप्ता यातूनच भरायचा आहे, कारण कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरी सुटायच्या आत घ्या. म्हणून 58 पर्यंत अर्धवेळ काही काम मिळालं तर घ्याच, आणि पीएफची पेन्शन 58 आधी सुरू करू नका, लवकर घेतली की दर वर्षामागे 4 टक्के कायमचे कमी होतात. 5 लाख बँकेत अडीनडीला. उरले 5 लाख, ते गावाला.

त्या 5 लाखांत 10 शेळ्या आणि एक चांगला बोकड, 1,15,000. जुन्या गोठ्याची दुरुस्ती आणि जाळीचं शेड 2 लाखांत बसवा, नवा गोठा नको. कडबाकुट्टी यंत्र 35,000. उरलेले दीड लाख विकतच्या चाऱ्यासाठी आणि आजारपणासाठी तसेच राहू द्या. 2022 च्या लम्पी रोगाच्या साथीने काय केलं ते तुमच्या गावाने पाहिलं आहे.

आणि दोन गायी भावाने बँकेच्या कर्जातून घ्याव्यात, त्यांचा खुराक-औषधांचा खर्च किसान क्रेडिट कार्डावर भागवावा. कार्डावर पशुपालनाच्या चालू खर्चासाठी, जनावर विकत घ्यायला नाही, 2 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी कर्ज मिळतं, वेळेत फेडलं तर 3 टक्के सवलत, म्हणजे 4 टक्के. त्याचं पीककर्ज आधीच असेल तर एकत्र मर्यादा लागते, ते बँकेत विचारा. तुमचे पैसे 8.2 ने वाढत असताना ते मोडून खुराक भरण्यापेक्षा 4 टक्क्यांचं कर्ज स्वस्त आहे. शिवाय कर्ज भावाच्या नावावर, गाय त्याच्या नावावर, म्हणजे निर्णयही त्याचा राहतो. तुमचे 5 लाख उसने की भागीदारीचे हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. सातबाऱ्यावर वारसनोंद अजून झालेली नाही असं दिसतं, ती आधी करून घ्या.

गाय लोणीच्या किंवा चाकणच्या बाजारात घ्या, नाहीतर ओळखीच्या गोठ्यातून. पण सलग दोन-तीन वेळची धार स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, धार न काढता तुंबवलेली कास फसवते. कानात टॅग मारून विमा लगेच उतरवा. टॅग नसला तर विम्याचा दावा उभा राहत नाही. 2024 पासून राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या 15 टक्क्यांवर आणला आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

दुधाचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त, असा तुमचा समज आहे. तसं नाही. आयकरात दुग्धव्यवसाय हा व्यवसायच धरतात. राज्याने 2025 मध्ये पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा दिला खरा, पण आयकर हा केंद्राचा विषय. एवढ्या उत्पन्नावर कर बहुधा शून्यच येईल. तरी ज्याच्या नावावर व्यवसाय त्याच्या रिटर्नमध्ये ते दिसू द्या.

दोन वर्षांनी वही उघडा. गायी 14 महिन्यांच्या आत पुन्हा व्याल्या का, उन्हाळ्यात चारा विकत किती आणला, भावजयीच्या खात्यात महिन्याला किती शिल्लक पडली. ही तीन उत्तरं चांगली असतील तर वाढवा. तेव्हा बचत योजनेतलं खातं मोडावं लागलं तरी दोन वर्षांनंतर कपात 1 टक्काच आहे, 30 लाखांवर 30,000. आज 17 लाख घालून चूक झाली तर ती याहून कितीतरी महाग पडेल.

कंपनीतून बाहेर पडताना स्वेच्छानिवृत्तीचा दिनांक आणि मिळालेल्या रकमा लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडताना ते लागतं. ते मिळायला उशीर झाला तरी तीन महिन्यांची मुदत थांबत नाही.